यू-180: वाचकांचे प्रश्न

नेताजींचा विषय निघाला की या पाणबुडीबद्दल त्याच त्या शंका येतात. चार एकदम घेतो.

नेताजी या जर्मन पाणबुडीतूनच जपानला पोहोचले ना?

नाही. फेब्रुवारी 1943 मध्ये ते आपले सहकारी आबिद हसन यांच्यासह जर्मनीतल्या कील बंदरातून निघाले. एप्रिलअखेर मादागास्करच्या बाजूला, खवळलेल्या समुद्रात, रबरी तराफ्यातून ते आय-29 या जपानी पाणबुडीवर गेले. तिने सुमात्राजवळ सबांगला उतरवलं. पुढे टोकियोपर्यंत विमान.

प्रवासात यू-180ने एखादं जहाज बुडवलं का?

हो. नेताजी आत असताना, 18 एप्रिलला, 'कॉर्बिस' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज. परतीत जूनमध्ये 'बोरिस' हे ग्रीक जहाज. अख्ख्या युद्धात एवढीच दोन.

ती ऑगस्ट 1944 मध्ये सुरुंगामुळे बुडाली, असं सगळीकडे लिहिलंय. बरोबर?

सगळीकडे लिहिलंय, कारण एकाने दुसऱ्याचं उतरवून घेतलंय! पहिल्या सफरीत तिला वेगवान बोटींची डिझेल इंजिनं होती. धूर आणि उकाडा यांनी खलाशी हैराण झाले. ती इंजिनं बदलली, टॉर्पिडो नळ्या काढल्या, तिची मालवाहू पाणबुडी केली. ऑगस्टमध्ये ती पूर्वेकडे जायला फ्रान्समधल्या बोर्दोहून निघाली आणि बिस्केच्या उपसागरात 56 जणांसह नाहीशी झाली. कोणी वाचलं नाही, मग सुरुंगाचा धक्का सांगितला कोणी? युद्धानंतर नोंदी पूर्ण करायच्या म्हणून लावलेला तो अंदाज. पुढे बऱ्याच पाणबुड्यांबाबत असे निवाडे फिरवावे लागले. यू-195 तशीच मालवाहू, त्याच सुमारास बोर्दोहून निघाली आणि जावाला सुखरूप पोहोचली; म्हणजे त्या वाटेवर सुरुंग लागायचाच असं नव्हतं. म्हणून यू-180पुढे 'बेपत्ता, कारण अज्ञात' एवढंच लिहा. शाळेच्या प्रकल्पात तर नक्कीच. तारीख-वार हवा असेल तर फ्रायबुर्गच्या जर्मन लष्करी अभिलेखागाराला विचारा, फॉरवर्ड आलेल्या मजकुराला नको.

'यू-180च्या खलाशाचा बिल्ला, प्रमाणपत्रासह' विक्रीला आहे. विक्रेता म्हणतो, आज शेवटचा दिवस. घेऊ का?

नका घेऊ. या जर्मन बिल्ल्यावर पाणबुडीचा क्रमांक नसायचाच. गरुड, पाणबुडीची आकृती, मागे फार तर बनवणाऱ्याची खूण. मग तो यू-180चा कशावरून? प्रमाणपत्र विक्रेत्यानेच छापलेलं असतं. 'शेवटचा दिवस' दर आठवड्याला येतो. मोह आवरत नसेल तर दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो मागवा आणि कुक्सहाफेनच्या जर्मन पाणबुडी संग्रहालयाला दाखवा. उत्तर येईपर्यंत एक पैसा देऊ नका.