वडिलांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं पुढचं मडगार्ड गंजलंय, सोलापुरात घरीच स्वस्तात रंगवता येईल का?

येईल. मी माझ्या गाडीचं अंगणातच केलं.

खरं काम रंगाचं नाही, घासण्याचं. गंज ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. नुसती पुट्टी थापली तर पावसाळ्यानंतर फुगे येणारच. मग पुट्टी, प्राइमर आणि शेवटी ६०० नंबरने पाण्यात घासणं. त्यानंतर पूर्ण वाळू द्या. प्राइमर पाणी पितो.

रंग जुळवायला गाडीच दुकानात न्या. बॉनेटचा कोपरा आधी कंपाउंडने (घासून चमक आणायच्या पेस्टने) घासा, नाहीतर उन्हाने विटलेल्या थराशी जुळवून बसाल. घरी एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगच बरा, तो हार्डनरशिवाय नुसत्या हवेवर वाळतो. हार्डनरवाल्या टू-के रंगाची वाफ फुप्फुसांना घातक असते, तो गॅरेजवाल्यावर सोडा. एनसीलाही मास्क हवाच, आणि जवळपास गॅस-शेगडी नको.

आता आपलं ऊन. एप्रिल-मेच्या दुपारी रंग पत्र्यावर पसरण्याआधीच वाळतो आणि हात फिरवला की खरखर लागते. सकाळी लवकर, अंगणात पाणी शिंपडून, पातळ तीन-चार हात मारा. बाकीची गाडी वर्तमानपत्राने झाका. मी घरातली जुनी चादर टाकली होती, तिचे तंतू अजून मडगार्डवर आहेत!