‘सातत्यपूर्ण वाढ’ की ‘शाश्वत विकास’?

मूळ इंग्रजीत ‘सस्टेन्ड ग्रोथ’ असताना एका अनुवादाचे शीर्षक ‘विकसनशील आणि प्रगत अर्थव्यवस्थांच्या शाश्वत विकासाची धोरणे’ असे दिले आहे. ते चालेल का, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते चालणार नाही, कारण येथे विशेषण आणि नाम या दोहोंचाही अर्थ सरकला आहे.

नामाचा प्रश्न सोपा आहे. ‘ग्रोथ’ म्हणजे वाढ, किंवा पाठ्यपुस्तकांच्या भाषेत वृद्धी; ती उत्पादनाच्या आकड्यांत मोजली जाते. विकास म्हटला की आरोग्य, शिक्षण, उत्पन्नाची वाटणी हे सारे त्यात येते. वर्तमानपत्रांनी वाढीच्या दरासाठी ‘विकासदर’ हा शब्द इतका रूढ केला आहे की आता तो हटणे कठीण. शीर्षकात तरी तो गोंधळ नको.

खरी अडचण ‘शाश्वत’ची आहे. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास, ही संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाच्या 1987च्या अहवालातली कल्पना. तिथला शब्द ‘सस्टेनेबल’, आणि त्यासाठी मराठीत ‘शाश्वत’ रुळला आहे. ‘सस्टेन्ड’चा संबंध मात्र केवळ काळाशी आहे: वाढ मध्येच न थांबता बराच काळ चालू राहिली, एवढेच तो सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी 2015मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी आठव्यात हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात. दोन्हींना ‘शाश्वत’ म्हटले तर त्या वाक्याचा अनुवादच करता येणार नाही. हिंदीत ‘सस्टेनेबल’साठी ‘सतत’ वापरतात, त्यामुळे हिंदीवरून मराठी करणाऱ्यांची आणखीच फसगत होते.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. अर्थशास्त्रज्ञ मायकल स्पेन्स यांच्या अध्यक्षतेखालील ‘कमिशन ऑन ग्रोथ अँड डेव्हलपमेंट’ या आयोगाने (त्याच्या नावातच वाढ आणि विकास हे दोन शब्द वेगळे आहेत) 2008च्या अहवालात 1950नंतर निदान 25 वर्षे सरासरी 7 टक्के किंवा अधिक वेगाने वाढलेल्या 13 अर्थव्यवस्था नोंदवल्या. या वेगाने उत्पादन साधारण 10 वर्षांत दुप्पट होते. त्या यादीत ब्राझीलही आहे, आणि त्याची घोडदौड 1980च्या सुमारास संपून पुढचे दशक कर्जसंकटात गेले. अशा वाढीला ‘सातत्यपूर्ण’ म्हणता येते, ‘शाश्वत’ म्हणणे हास्यास्पद ठरेल.

शिवाय शीर्षकातल्या दोन गटांना सातत्य वेगवेगळ्या वाटेने साधावे लागते. विकसनशील देशांना इतरत्र सिद्ध झालेले तंत्रज्ञान आत्मसात करता येते, शेतीतले मनुष्यबळ उद्योगांकडे वळवता येते, आणि बचत व गुंतवणुकीचे प्रमाण उंच ठेवून, निर्यातीच्या आधाराने, मोठा वेग काही दशके टिकवता येतो. प्रगत देश तंत्रज्ञानाच्या आघाडीवर आधीच पोहोचलेले असल्याने त्यांची भिस्त संशोधन, स्पर्धा, कौशल्ये आणि वृद्ध होत चाललेल्या लोकसंख्येतून अधिकाधिक लोकांना कामात सामावून घेण्यावर असते. तिथे 2 टक्क्यांची वाढ न खंडता चालू राहिली तरी उत्पादन दुप्पट व्हायला साधारण 35 वर्षे लागतात.

‘प्रगत’ मात्र योग्यच आहे, कारण आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आपल्या वर्गीकरणात ‘विकसित’ न म्हणता त्याच अर्थाचा शब्द वापरतो. तेव्हा ‘विकसनशील आणि प्रगत अर्थव्यवस्थांतील सातत्यपूर्ण आर्थिक वाढीची धोरणे’ असे शीर्षक करावे. ‘सातत्यपूर्ण’ जड वाटल्यास ‘दीर्घकाळ टिकणारी वाढ’ही चालेल.