हरभऱ्याची आंब, तुरीचं मूळ आणि डीएपीचं पोतं

शेतकरी बंधू-भगिनींनो, रब्बीच्या तोंडावर स्फुरदाबद्दल, म्हणजे फॉस्फरस या अन्नद्रव्याबद्दल आणि तो देणाऱ्या डीएपी खताबद्दल, बरेच प्रश्न आले. त्यातले तीन एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी देतो.

सेलू तालुक्यातून: "साहेब, हरभरा स्वतःचं खत स्वतः बनवतो म्हणतात. मग डीएपी कशाला?"

बनवतो ते फक्त नत्र (नायट्रोजन), तेही मुळांवरच्या गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंच्या जिवावर आणि हवेतून. स्फुरद हवेत नसतो, तो मातीतूनच काढावा लागतो. शिवाय गाठींना नत्र बांधायला भरपूर ऊर्जा लागते आणि तिच्यासाठी स्फुरद हवाच. तो कमी पडला की गाठी बारीक राहतात.

आपल्या काळ्या रानात स्फुरद नाही असं नाही. सामू (पीएच) आठच्या वर, चुनखडी भरपूर, त्यामुळे टाकलेल्या डीएपीतला बराचसा स्फुरद चुन्याशी बांधला जातो. पेवात धान्य आहे, पण पेवाचं तोंड बुजलंय अशी गत. त्यात तो युरियासारखा पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येत नाही, मिलिमीटरभर सरकायलाही वेळ घेतो. म्हणून मुळालाच त्याच्याकडे जावं लागतं.

हरभरा इथं हुशार आहे. सकाळी हरभऱ्यातून चालताना पायाला लागणारी आंब तुम्हाला ठाऊक आहे, तिचा आंबटपणा मुख्यतः मॅलिक आम्लाचा. मुळंही तेच करतात: मॅलिक, सायट्रिक, मॅलोनिक अशी आम्लं मातीत सोडतात. सायट्रिक आम्ल चुन्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि त्याला चिकटलेला स्फुरद मोकळा होतो. हवेतलं नत्र वापरणाऱ्या पिकाच्या मुळाभोवतीची माती तशीही थोडी आंबट होते, त्याचाही हातभार लागतो. गव्हात हरभऱ्याचं आंतरपीक घेतलं तर हरभऱ्याने मोकळा केलेला थोडा स्फुरद शेजारच्या गव्हालाही मिळतो.

पण हे सगळं मुळाच्या अगदी लगत घडतं आणि त्याला ओल लागते. कोरडवाहू हरभऱ्यात वरचा थर लवकर सुकतो, रोप लहान असताना मूळ फार पसरलेलं नसतं. त्यामुळे सुरुवातीचा डोस चुकवू नका. शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद. एकरी हिशोब केला तर २० किलो स्फुरद, म्हणजे ४३-४४ किलो डीएपी, एका पोत्याला थोडं कमीच. सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं तर अडीच पोती आणि सोबत २०-२२ किलो युरिया. सुपरमधून जवळपास १४ किलो गंधकही मिळतं, म्हणून माझा कल सुपरकडे आहे. खत फेकू नका. दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली किंवा बाजूला पेरा. फुलोऱ्यात वरून डीएपी फोकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

उदगीर तालुक्यातून: "तेलंगणातल्या पाहुण्यांच्या तांबड्या रानात तूर बिनखताची येते. आमच्या काळ्या रानात का नको?"

पाहुणे खोटं बोलत नाहीत. हैदराबादजवळ पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत जपानी शास्त्रज्ञांनी केलेल्या कामातून १९९० मध्ये ही गोष्ट पुढे आली. तांबड्या मातीत स्फुरद लोहाशी बांधलेला असतो. तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात, ते लोहाला पकडतं आणि स्फुरद सुटतो. ज्वारी, सोयाबीनला हे जमत नाही. आपल्याकडे मात्र स्फुरद चुन्याजवळ अडकलेला, तिथं तुरीची ही युक्ती फारशी कामाची नाही. तूर इथं टिकते ती खोल मुळांवर आणि मायकोरायझा बुरशीवर. या बुरशीचे तंतू मुळाला पोहोचता येत नाही अशा फटींतून स्फुरद आणून देतात. म्हणून तुरीचा डोसही तोच ठेवा, २५:५०.

गेवराई तालुक्यातून: "पीएसबी लावलं तर डीएपी बंद करू का? रॉक फॉस्फेटही स्वस्तात मिळतंय."

रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाच्या खडकाची भुकटी, नको. ते आंबट जमिनीत विरघळतं, आपल्याकडे वर्षानुवर्षं तसंच पडून राहील.

पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू; ते लावा, पण डीएपीऐवजी नाही. चुनखडीची जमीन जिवाणूंनी सोडलेलं आम्ल लवकर शमवून टाकते. पीएसबी चांगल्या कुजलेल्या शेणखतासोबत दिलं तर अधिक बरं. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम आणि पीएसबी, दहा किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅम. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. तुरीचं किंवा सोयाबीनचं रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही, पाकिटावर पीक वाचून घ्या. जिवाणू लावलेलं बियाणं खतात मिसळू नका.

दुसरी चूकही दिसते. दरवर्षी हरभऱ्याला दोन-दोन पोती डीएपी टाकणारेही आहेत. स्फुरद वाढला की मूळ मायकोरायझाला फारसं धरत नाही, आणि जस्ताची ओढ लागते. पानं पिवळी दिसली की पुन्हा खताच्या दुकानात जाण्याआधी मातीचा अहवाल बघा. नमुना खत टाकण्याआधीच घ्या, अहवालात स्फुरद ऑल्सेन पद्धतीने काढलाय का ते पाहा. आम्लयुक्त जमिनीसाठीची ब्रे पद्धत आपल्या चुनखडीच्या मातीला लागू नाही.