हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतोय आणि बॅकअप नाही. डेटा कसा वाचवू?

आधी लॅपटॉप बंद करा. हे उत्तर मोबाइलवर वाचा.

तुम्ही लिहिलंय की टकटक आवाज येतो, एक फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात, आणि मित्राने विंडोजमधला चेकडिस्क हा प्रोग्रॅम चालवायला सांगितलंय. मित्राचं ऐकू नका. चेकडिस्क फाइलींची मांडणी दुरुस्त करतं, डिस्क नाही. आजारी डिस्कला ते तासन्‌तास राबवतं आणि वर तिच्यावरच लिहितं.

हार्ड डिस्कच्या आतल्या चकत्या मिनिटाला साधारण ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. हेडला आपली जागा सापडेना की ते मागे जाऊन परत प्रयत्न करतं. तुम्हाला बहुतेक तेच ऐकू येतंय. हेड चकतीला घासलं तर चुंबकीय लेप खरवडला जातो, आणि त्या जागेवरचा डेटा मग कुठलीच लॅब आणून देऊ शकत नाही.

त्यामुळे पहिला प्रश्न पैशांचा आहे. डेटा दुसरीकडून पुन्हा मिळण्यासारखा नसेल तर घरी एकही प्रयोग न करता, पैसे मोजून, डेटा काढून देणाऱ्या रिकव्हरी लॅबला डिस्क द्या. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला कुणीतरी देईलच. आत दव धरतं, बाकी काही होत नाही. झाकण उघडणं तर विसराच. दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड लावणंही बहुधा फुकट जातं, कारण त्या-त्या डिस्कची खास माहिती बोर्डवरच्या चिपमध्ये असते.

आवाज नसता, नुसती मंद असती, तर मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू करून डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढली असती. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागांकडे नंतर वळतं आणि कुठवर आलो त्याची नोंद ठेवतं. दुरुस्तीचे सगळे उद्योग मग त्या प्रतीवर करायचे. फक्त कुठून कुठे कॉपी होतंय ते तीनदा बघा. उलटं झालं तर संपलं.

आता बॅकअपचं. मीही एकदा जागा करायला सगळे जुने फोटो एक्स्टर्नल डिस्कवर कट-पेस्ट केले आणि वर्षभर ऐटीत सांगत होतो, ‘माझा बॅकअप आहे.’ वायरीत पाय अडकून डिस्क टेबलावरून खाली आली तेव्हा कळलं की मी बॅकअप घेतलाच नव्हता, नुसतं सामान हलवलं होतं.

३-२-१ चा नियम जुना आहे, पण मला अजून तोच पटतो: ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली १ घराबाहेर. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा, नाहीतर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस, तिलाही कुलूप लावतं. क्लाउडच्या नुसत्या सिंकवर विसंबू नका. इथे डिलीट केलेलं तिथेही डिलीट होतं, आणि जुन्या आवृत्त्या बऱ्याचदा ठरावीक दिवसच राहतात. एकच डेटा अनेक डिस्कवर ठेवणाऱ्या रेडचंही तेच: एखादी डिस्क गेली तर सावरतं, तुम्ही चूक केली तर नाही.

एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिप असलेली डिस्क, घेतली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती टकटक करत नाही, कधीकधी एका सकाळी दिसायचीच बंद होते. डिलीट केलेल्या फाइलींची जागा रिकामी करायला लावणारी ट्रिम ही सोय चालू असेल तर चुकून पुसलेली फाइलही सहसा परत येत नाही.

अधूनमधून बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मी बघतो, आणि एकदा अख्खं फोल्डर रिकामं निघालं होतं. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर त्याची ‘रिकव्हरी की’, म्हणजे ते कुलूप उघडणारा कोड, आत्ताच शोधून ठेवा, लॅबवालेही ती मागतील. त्यांच्याकडे जाल तेव्हा आधी काय-काय करून बघितलंय ते लपवू नका, चेकडिस्क चालवून झालं असेल तर तेसुद्धा.