आमची बर्लिनमधली छोटी मराठी नाट्यसंस्था आहे. पुण्याच्या एका गटाला सोबत घेऊन 'क्रिएटिव्ह युरोप'कडे, म्हणजे युरोपियन युनियनच्या सांस्कृतिक अनुदान कार्यक्रमाकडे, अर्ज करता येईल का? फॉर्म भरायला लगेच सुरुवात करू का?

अर्ज करता येईल, पण फॉर्मला इतक्यात हात लावू नका. आधी भागीदार शोधा. मी नेदरलँड्समध्ये एका नृत्यसंस्थेसाठी असेच अर्ज लिहिते.

त्यातल्या अनुदानाच्या प्रकारांपैकी तुम्हाला झेपेल तो लहान सहकार्य प्रकल्प. त्याला कार्यक्रमात सहभागी असलेल्या तीन वेगवेगळ्या देशांतल्या किमान तीन संस्था लागतात. भारत त्यात नाही. पुण्याचा गट फार तर संलग्न भागीदार म्हणून येईल, तोही स्वखर्चाने. म्हणजे युरोपातल्या आणखी दोन संस्था हव्यातच. शिवाय मुख्य अर्जदार संस्थेची नोंदणी होऊन किमान दोन वर्षं झालेली असावी लागतात.

आता पैसे. अनुदान जास्तीत जास्त २ लाख युरो, आणि तेही एकूण खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत. पूर्ण २ लाख हवे असतील तर बजेट अडीच लाखांचं होतं आणि वरचे ५० हजार तुम्ही तिघांनी उभे करायचे. छोट्या संस्थांचं घोडं अडतं ते इथे, इंग्रजीपाशी नाही. अनुदान ठोक रकमेत मिळतं आणि ते वर्क पॅकेजनिहाय, म्हणजे प्रकल्पातल्या कामांच्या गटांनुसार, वाटलेलं असतं. त्यामुळे पावत्यांची भेंडोळी सांभाळायला लागत नाहीत, पण एखादं पॅकेज अर्धवट राहिलं तर त्याचे पैसे अडकतात. तेव्हा तालमी, दौरा, कार्यशाळा सगळं एकाच पॅकेजात कोंबू नका.

१०० पैकी निदान ७० गुण लागतात. त्यातले ३० प्रकल्प कार्यक्रमाच्या उद्दिष्टांत कितपत बसतो याचे, ३० आशयाचे. 'मराठी नाटक युरोपात पोचवायचंय' एवढ्यावर परीक्षक हलत नाही. पण समजा, लिस्बनमध्ये केप व्हर्डीहून आलेल्या लोकांचा एक गट आहे आणि आपल्या भाषेतलं नाटक स्थानिक प्रेक्षकांपुढे न्यायचं कसं, हा प्रश्न त्यांनाही छळतोय. मग तिघांनी मिळून काम करायला कारण आहे, आणि ते अर्जाच्या पहिल्या पानावर दिसलं पाहिजे.

अर्ज युरोपियन युनियनच्या पोर्टलवर भरायचा असतो. तिथे प्रत्येक संस्थेचा नऊ आकडी पिक (PIC) नंबर, म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांक, लागतो, तो आधीच काढून ठेवा. मुदत ब्रुसेल्सच्या घड्याळाने संध्याकाळी ५ ला संपते. अर्ज आदल्या दिवशीच टाका. मुदतीच्या आत सुधारून परत टाकता येतो. शेवटच्या तासात पोर्टलशी झटापट करण्यासारखं वैतागवाणं काम नाही!

बॉनला क्रिएटिव्ह युरोपचा संस्कृती डेस्क आहे, तिथे सल्ला फुकट मिळतो. कल्पनेचं एक पान तयार झालं की आधी त्यांना फोन करा.

आणि तुमचा जीव खरं तर बर्लिन-पुणे एवढ्याच कामात असेल, तर दोन संस्था उगाच ओढून-ताणून आणू नका. परीक्षकांना ते लगेच कळतं. त्यापेक्षा गोएथे-इन्स्टिट्यूटचा आंतरराष्ट्रीय सहनिर्मिती निधी बघा. तो अशाच कामांसाठी आहे. पुण्याच्या गटाला मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे गोएथे-इन्स्टिट्यूटच्याच तिथल्या शाखेत, चौकशी करायला सांगा.