तक्ता पाठ, पण तोंड बंद

प्रश्न : ताई, मी भुसावळला घरीच आठ-नऊ वर्षांच्या पाच पोरांना स्पॅनिश शिकवते. क्रियापदाचा तक्ता धाडधाड म्हणतात पण वाक्य बोल म्हटलं की सगळे गप्प, आणि उच्चार सगळे इंग्रजीसारखे. काय करू?

उत्तर : अगं, तक्ता आधी गुंडाळून ठेव. पोरांना मराठीतच विचार, नुसतं 'बोलतोस' म्हटलं तर कोण बोलतंय? लगेच सांगतील, तू! तिकडेही तेच, आब्लो म्हणजे मी बोलतो, आब्लास म्हणजे तू बोलतोस, आब्ला म्हणजे तो किंवा ती, शेवटावरून कळतं म्हणून सर्वनाम बहुतेक वेळा गाळतात (आणि तिकडेही 'तू'ला तूच म्हणतात, पोरं जाम हसतील). आठवडाभर हे तीनच घे, चेंडू फेकत फेकत, आब्लामोस वगैरे नंतर.

उच्चारात एच मुका, आणि त-द दाताला जीभ लावून, ट-ड नाही, इंग्रजी मीडियमवाले तिथेच घसरतात. डबल एल बऱ्याच देशांत य सारखा, काये म्हणजे रस्ता. केळीला केयी म्हणणाऱ्या आपल्या खान्देशात हे काय शिकवायचं! डबल आर मात्र घोळव, पेरो म्हणजे 'पण' आणि पेर्रो म्हणजे कुत्रा.