नोंदवहीतली विशेषणे

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या निवासी केंद्रात तू पुढच्या आठवड्यापासून सहायक कार्यकर्ता म्हणून रुजू होणार आहेस, हे वाचून आनंद झाला. ‘मनोविकारतज्ज्ञ आहेत, परिचारिका आहेत, समुपदेशक आहेत, मग माझे नेमके काम काय?’ असे तू विचारले आहेस. मनोविकारतज्ज्ञांची आणि एखाद्या शुभार्थींची भेट आठवड्यात फार तर अर्धा तास होते, समुपदेशकांची तासभर. आठवड्याच्या १६८ तासांतले बाकीचे तास ती व्यक्ती उठते, अंघोळ करते, खिडकीशी उभी राहते, कोणाशी तरी भांडते, रात्री कूस बदलत पडते. हे सगळे ज्याच्या डोळ्यांसमोर घडते तो कार्यकर्ता तू असणार आहेस.

‘शुभार्थी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. मनोविकार असलेल्या व्यक्तीला शुभार्थी आणि तिची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची पद्धत आपल्या भाषेत आता रुळली आहे. शब्द चांगला आहे. मात्र बैठकीत शुभार्थी म्हणायचे आणि पाळी बदलताना ‘तो सात नंबरचा पुन्हा नाटके करतोय’ असे सांगायचे, हेही मी पुष्कळदा ऐकले आहे.

माझी एक चूक सांगते. नोकरीच्या तिसऱ्याच महिन्यात, मनोविकारावरचे औषध नुकतेच बदललेले एक मध्यमवयीन गृहस्थ माझ्या रात्रपाळीत होते. त्यांना बसवले की मिनिटभरात ते उठत, उभे राहिले की एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत राहत आणि मग व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालू लागत. मी तीनदा त्यांना खोलीत नेऊन झोपवले आणि तिसऱ्यांदा ते माझ्यावर ओरडले. पहाटे मी नोंदवहीत लिहिले : ‘रात्रभर अस्वस्थ, चिडखोर, सूचना ऐकत नाहीत.’ त्या नोंदीवरून आजार बळावल्याचा अर्थ काढला गेला आणि औषधाची मात्रा वाढवण्यात आली. पुढचे चार दिवस त्यांनी जे सोसले ते माझ्या त्या एका ओळीमुळे. पाचव्या दिवशी एक ज्येष्ठ परिचारिका त्यांच्याबरोबर व्हरांड्यात चार फेऱ्या चालल्या आणि त्यांनी विचारले, ‘ही तळमळ मनात होते की पायांत?’ ते म्हणाले, ‘पायांत. आतून कोणी तरी ढकलतंय.’ या त्रासाला अकाथिसिया म्हणतात. मनोविकारावरच्या कित्येक औषधांचा तो परिचित दुष्परिणाम आहे आणि मात्रा वाढवली की तोही वाढू शकतो. मात्रा कमी केल्यावर ते गृहस्थ काही दिवसांत शांत बसू लागले.

मी लिहायला हवे होते ते असे : ‘रात्री ११ ते ४ सलग दोन मिनिटेही बसू शकले नाहीत. बसल्यावर पाय हलत होते. औषध चार दिवसांपूर्वी बदलले आहे. झोपण्याचा आग्रह तिसऱ्यांदा केल्यावर ओरडले.’ यात एकही विशेषण नाही, आणि वाचणाऱ्या डॉक्टरांना विचार करायला जागा आहे. तू नोंद लिहिताना पाहिलेले, ऐकलेले आणि मोजलेले आधी लिही. तुझे मत द्यायचे असेल तर ते वेगळ्या वाक्यात, ‘मला असे वाटते’ म्हणून दे.

औषधांबाबत निर्णय घेण्याचा अधिकार तुला नाही, पण काय कळवायचे ते ठाऊक असायलाच हवे. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचे औषध घेणाऱ्यांची रक्ततपासणी नियमित होते, कारण या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतात. म्हणून त्यांना ताप आला किंवा घसा दुखला तरी ते त्याच दिवशी कळवायचे. या औषधाने होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते. त्यामुळे शौचाला केव्हा झाली हे विचारायला संकोच करू नकोस. सलग ४८ तासांहून अधिक काळ गोळ्या चुकल्या असतील, तर ‘आता घेऊन टाका’ म्हणून नेहमीची मात्रा देता येत नाही. डॉक्टरांना विचारून अगदी कमी मात्रेपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तंबाखूच्या धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर बाहेर पडते, त्यामुळे सिगारेट अचानक सोडली की आठवड्याभरातच रक्तातले त्याचे प्रमाण वाढते. सिगारेट सोडल्याबद्दल ज्यांचे आपण कौतुक केले, तेच पुढच्या आठवड्यात दिवसभर गुंगीत दिसतात आणि आपण लिहितो, ‘आळस वाढला आहे.’ मनःस्थितीतल्या टोकाच्या चढउतारांवर दिले जाणारे लिथियम घेणाऱ्यांना उलट्या-जुलाब झाले, हातांचा कंप वाढला, बोलणे जड झाले किंवा तोल जाऊ लागला, तर पाळी संपायची वाट पाहू नकोस.

आता ‘आळशी’ या शब्दाविषयी, कारण निवासी केंद्रांत सर्वाधिक अन्याय याच शब्दाने होतो. भास आणि भ्रम ही स्किझोफ्रेनियाची सहज दिसणारी लक्षणे. इच्छाच न उरणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे, बोलणे आटणे हीही त्याच आजाराची लक्षणे आहेत आणि ती भासांपेक्षा चिवट असतात. त्यात भर पडते ती संस्थेची. मनोविकारतज्ज्ञ जॉन विंग आणि समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांनी इंग्लंडमधल्या तीन मनोरुग्णालयांत दीर्घकाळ राहिलेल्या स्त्रियांचा अनेक वर्षे अभ्यास करून १९७० साली निष्कर्ष मांडले. ज्यांचा काहीही न करता जाणारा वेळ कमी झाला, त्यांच्यात सुधारणा दिसण्याची शक्यता अधिक होती. हा रिकामा वेळ शुभार्थी एकटे तयार करत नाहीत, आपणही करतो, आणि बहुधा चांगुलपणानेच करतो.

एका आजोबांना शर्टाची बटणे लावायला बारा मिनिटे लागत. पहिले बटण दुसऱ्या काजात जाई, शेवटी एक बटण उरे, मग ते खाली पाहत थांबत आणि सगळी बटणे काढून पुन्हा सुरुवात करत. सकाळच्या घाईत मी ते काम अर्ध्या मिनिटात उरकू लागले. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आले की ते आता सकाळी हात बाजूला सोडून माझ्यासमोर नुसते उभे राहतात. बटणे लावण्याची त्यांची सवय परत येण्यासाठी त्याहून कितीतरी अधिक महिने लागले, आणि त्या काळात मी शेजारी उभी राहून स्वतःच्याच हातांवर ताबा ठेवायला शिकले. केंद्राचे वेळापत्रक या बारा मिनिटांना जागा देत नसेल, तर ते बदलून मागण्याचा हट्ट कर. मी तो फार उशिरा केला.

जॉर्ज ब्राउन यांनीच आणखी एका गोष्टीचा माग काढला होता. रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी ज्यांच्या घरात सतत टीका, वैरभाव किंवा गुदमरवणारी काळजी होती, त्यांचा आजार अधिक वेळा उलटत असे. हे संशोधन कुटुंबांविषयी आहे म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण निवासी केंद्रात दिवसभर समोर असणारी माणसे आपणच आहोत. ‘पलंग आवरलेला नाही’ असे म्हणणे आणि ‘तुम्ही कधीच काही करत नाही’ असे म्हणणे यांत जे अंतर आहे, ते सांभाळणे हे तुझ्या कामाचा भाग आहे.

कोणी तुला सांगेल की भिंतीतून आवाज येतो आहे. वाद घालू नकोस आणि होकारही देऊ नकोस. ‘मला तो ऐकू येत नाही, पण तुम्हाला येतो आहे आणि भीती वाटते आहे, हे दिसते’ एवढे म्हणता येते. जगण्यात अर्थ नाही असे कोणी सुचवले, तर आत्महत्येचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात रुजतो ही समजूत चुकीची आहे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नकोस आणि ती गोष्ट त्याच पाळीत वरिष्ठांपर्यंत पोहोचव.

स्वतःचा दूरध्वनी क्रमांक देणे, उसने पैसे देणे, घरच्या अडचणी शुभार्थींना सांगणे याविषयीचे केंद्राचे नियम पहिल्याच दिवशी वाचून घे. कोणी संतापले असेल, तर त्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहू नये, हेही लक्षात ठेव.

पहिल्या रात्रपाळीनंतर घरी जाऊन आधी झोप. मग त्या रात्री लिहिलेली एखादी नोंद, नाव आणि ओळख पटेल असे सारे तपशील गाळून, आठवेल तशी मला कळव. तिच्यातली विशेषणे आपण दोघे मिळून खोडू.

तुझी,
या कामात तुझ्या आधी आलेली एक सहकारी